गोड शब्दांतली सूचना

प्रिय जुलिया,

शाळेच्या मागच्या नळावर तू माझा डबा धुऊन द्यायचीस, आठवतं? तुझ्या आईच्या सुक्या बोंबलांच्या चटणीचा वास आमच्या शाकाहारी घरात पोचू नये म्हणून. मग तो नाकाशी धरून म्हणायचीस, जा गं मंजू, पास झालीस. आईला कधीच कळलं नाही, असं मी समजत होते. शेवटच्या आजारपणात ती म्हणाली, जुलियाच्या आईला सांग, चटणीत मीठ जरा जास्त असायचं.

आता कोलशेतच्या आमच्या सोसायटीबद्दल लिहायचंय. गेल्या वर्षी जेवणाच्या वासावरून कुरबुरी झाल्या आणि सूचना लिहायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं. आवाज हळू, शब्द गोड, हे शाळेतल्या सिस्टरनी आपल्याकडून किती घोटून घेतलं होतं. मी आधी एवढंच मागितलं, की फोडणी देताना दार लावा. याला कोण नाही म्हणणार? मग बाल्कनीत मासे वाळवू नका. दोनदा सही केलेला माणूस तिसऱ्यांदा अडत नाही, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या कागदात होतं, घर भाड्याने देताना समान आहाराच्या कुटुंबांनाच द्यावं. तो घेऊन मी आधी ज्यांना मान आहे अशा तीन घरी गेले. बाकीच्यांनी त्यांच्या सह्या पाहून सह्या केल्या. त्या कागदात कुणाबद्दल एकही वाईट शब्द नाही. तो वाचताना मला आता शिसारी येते.

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरी रत्नदीप म्हणाला, मॅडम, तुमचा कागद भारी आहे, हेझल म्हणून एका मुलीला दाखवून घर नाकारलं, तर जाताना ती थँक्यू म्हणाली. ती आपली हेझल, तुझीच लेक.

त्या कागदाखाली माझं पूर्ण नाव आहे. रविवारी फोनवर तू तासभर गुडघ्याबद्दल बोललीस, हेझलचं नावही काढलं नाहीस. तेव्हाच समजले, तुला माहीत आहे.

म्हणून हे पत्र. सोबतच्या पाकिटात माझ्या घराची किल्ली आहे, ती हेझलला दे. मागच्या दोन खोल्या तिच्या, स्वयंपाकघर दोघींचं. तिने इथे कुणाचं मन वळवायचं नाही, ते काम माझं. त्याच तीन दारांपासून पुन्हा सुरुवात करणार आहे, आणि या वेळी शब्द गोड नसतील. कमिटीच्या राजीनाम्याची प्रत तुझ्यासाठी, मूळ राजीनामा मी रत्नदीपच्या हातात देईन. तिला यायचं नसेल तर किल्ली परत पाठव, मी कारण विचारणार नाही. सोबतच्या पिशवीतला डबा तोच, माझा शाळेतला. तो आता तुझा. कधी भरून पाठवावासा वाटला, तर पाठव. रिकामा झाला की मी धुईन.

तुझीच,
मंजुळा