वैरागला न घेतलेली चटणी

सोलापूर, मंगळवार, दिवेलागण

आज नातीबरोबर वैरागला गेले. मेधा गावोगाव फिरून मोकळ्या सॉफ्टवेअरवर बोलते. म्हणजे कंप्युटरमधलं असं काम, जे कुणीबी घ्यावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. आज समोर शेंगाचटणी करणाऱ्या बायका होत्या. पाकिटावरची लेबलं त्यांना घरीच छापता आली असती. बोलली बरी. बायकांनी मन लावून ऐकलं.

मग त्यांच्यातल्या शोभानं चटणीचं पाकीट पुढं केलं. मेधा म्हणाली, "नको काकू, मी कुणाकडून काही घेत नसते."

शोभाचा हात तसाच राहिला. मग पाकीट पदराखाली गेलं.

"मग तुमचंबी आमाला नको ताई. आमी काय भिकारी हाय का?"

बायका उठल्या. लेबलांचं काम त्यांच्या कंप्युटरवर न घालताच आमी निघालो.

एसटीत मेधा म्हणते, "आज्जी, फुकट म्हणून सांगायचं आणि चटणी घ्यायची?"

"द्यायला बरं येतंय की गं तुला! घ्यायला हात आखडतो. लई मोठी लागून गेलीस."

रडली. रडू दिलं.

तो पुढं आलेला हात डोळ्यांपुढनं जात न्हाय. एवढं शिकून हे कसं कळलं न्हाय? का शिकल्यामुळंच?

उद्या तिला मैंदर्गीला बोलायचं होतं. ते परवावर ढकललं म्हणाली. आधी वैरागला जाऊन शोभाकडं चटणी मागणार. मला बरोबर चल म्हणत होती. मी न्हाय म्हटलं. माझे पिकले केस बघून शोभा देईल, आणि हिला वाटंल, आपल्याला दिली.