काचेला चिकटलेला फोटो

मंगळवार, ३ मार्च

काचेला चिकटलेलं आणखी एक आलं! लोक फोटोवर सरळ काच ठेवतात, मागून पुठ्ठा ठोकतात आणि ओल आलेल्या भिंतीवर टांगतात. काच आणि फोटो यांच्यामध्ये काडीएवढी जागा सोडली असती तरी पुरलं असतं. पण ते कुणी करायचं? मग वर्षभरात धावत येतात आमच्या फ्रेमच्या दुकानात.

बाई शिवणकाम करतात, मागच्याच गल्लीत. कपडे लहानमोठे करून देतात. ब्लाउजच्या बाहीला टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. फोटो मुलाचा. नोकरीचा पहिला दिवस, निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि हसतोय. मागच्या वर्षी अपघातात गेला. खिशातल्या फोनचाही चुरा झाला, म्हणून दुसरी प्रत कुठेच नाही. लहानपणचे फोटो आहेत म्हणाल्या, पण मोठेपणीचा हा एकच, कारण कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा. चेहऱ्याची डावी बाजू आणि खांदा काचेला पार चिकटलेत.

त्या बोलतच होत्या. फोटो कुणी काढला, कसा आणला, आणि काय काय. माझं सगळं लक्ष काचेकडे. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की माझे कान आपोआप बंद होतात, तीस वर्षांची सवय. मी म्हटलं, ठेवून जा, सुटेल. "यांना काय सांगू, किती दिवस?" त्यांच्या मिस्टरांचं हृदय अधू आहे, जिने चढायला-उतरायला मनाई. मुलगा गेल्यापासून दिवसभर त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसतात. आज भिंत मोकळी बघून जेवले नाहीत म्हणे. मी म्हटलं, आठ दिवस.

त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, एवढं छाती ठोकून सांगू नये. दादा गेल्यापासून दुकानात आम्ही दोघीच. ती पुढे काउंटरवर, मी आत टेबलावर. पुढे बसणाऱ्यांनी आतल्या कामात नाक खुपसू नये, असं मी तिला ऐकवलं. अकरा फोटो सोडवलेत आजवर या हातांनी. एकालाही ओरखडा नाही.

गुरुवार, ५ मार्च

दिवसभर एका डॉक्टरच्या प्रमाणपत्रांच्या सोळा फ्रेमा. माणूस एक, भिंत एक, कौतुक केवढं! फोटोला हात लावला नाही. ते घाईत करायचं काम नव्हे.

शुक्रवार, ६ मार्च

आज तपासणी केली. ओढून सोडवायला गेलं तर वरचा थर काचेवरच राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. म्हणून काचेसकट पाण्यात ठेवायचं, फुगला की अलगद सुटतो. लॅबमध्ये धुतलेल्या फोटोला पाण्याचं भय नसतं. प्रिंटरवर छापलेला असला तर मात्र शाई विरघळते. म्हणून आधी एक थेंब टाकून बघायचा, नियमच आहे.

वरच्या कोपऱ्यात थेंब टाकला, पाच मिनिटं थांबले, टिपकागद दाबला. टिपकागद कोरा. छान. उद्या सकाळी डोकं ताजं असताना पाण्यात घालते.

शनिवार, ७ मार्च

फोटो गेला.

रविवार, ८ मार्च

दुकान बंद. काल पुढे लिहवलं नाही. आज सगळं लिहिते, नाहीतर उद्या मीच मला काहीतरी सोयीचं सांगेन.

साडेदहाला ट्रेमध्ये ठेवला. शुद्ध पाणी, कोमट. पाच मिनिटांनी काचेच्या कडेने निळं काहीतरी निघालं. मला वाटलं, खालच्या पुठ्ठ्याचा रंग. पुठ्ठा तर मी आधीच काढला होता! ते कळेपर्यंत शर्ट निघाला होता. त्याचा निळा शर्ट पाण्यात. मी काच उचलली, आणि उचलली म्हणून उरलेलंही ओघळलं. चेहरा असा खाली सरकत गेला. हात लावायचा नाही हे माहीत असून मी बोटाने थोपवायला गेले! बोटाला तपकिरी रंग लागला. काय होता तो, केस की डोळे, देव जाणे.

उरलंय काय? मागच्या भिंतीचा पिवळट डाग, आणि खाली एक बूट. बूट तेवढा नीट दिसतो.

थेंब मी कुठे टाकला होता? कोपऱ्यात. कोपऱ्यात काय होतं? पांढरी कड. फोटोला चारी बाजूंनी पांढरी कड होती आणि मी थेंब टाकला कडेवर. तिथे शाईच नव्हती, तर सुटणार काय? कोऱ्या कागदाची परीक्षा घेतली आणि पास केलं! पोरासोरांनाही हे सुचलं असतं. अकरा फोटो सोडवले म्हणून मिरवत होते ना, घ्या आता.

आणि दुसरं. आज दुपारी भांडी घासताना एकदम सगळं ऐकू आलं. मंगळवारी काय ऐकलं नव्हतं ते. शब्दन् शब्द. "त्याच दिवशी ऑफिसातल्या मशीनवर छापून आणला त्याने, म्हणाला आई, तुझ्यासाठी आणलाय." माझ्या समोर उभं राहून सांगितलं होतं बाईंनी. कान होते, पण मी घरी ठेवून गेले होते.

सोमवार, ९ मार्च

वहिनीला सांगितलं. वाटलं होतं बोलेल, टाकून बोलेल. ती नुसती ट्रेजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही कधी कुणाचं ऐकता का हो?" आणि पुढे जाऊन बसली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी दोन दुकानं सोडून कॉम्प्युटरवर जुने फोटो सुधारून देणारा आहे त्याच्याकडे गेले. त्याने कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, यात काहीच नाही. मग म्हणाला, लहानपणचे फोटो आणा, आई-बापाचे आणा, मी चेहरा तयार करून देतो, निळा शर्ट चढवतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. मी परत आले. खोटं कशाला लिहू, दाराबाहेर पाच मिनिटं थांबले होते. विचार केला होता. पण आई आहे ती. लहानपणापासून त्याची बाही-कॉलर मापून शिवलेली. तिला कळणार नाही?

बुधवार, ११ मार्च

बाई आल्या. आठ दिवस झाले ना. मी आत होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तुमचं तुम्ही बघा.

मी म्हटलं, काम चालू आहे.

चालू आहे! काय चालू आहे? जीभ झडली नाही माझी. बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, सावकाश करा, यांना सांगते. जाताना टेबलावरच्या माझ्या ॲप्रनची उसवलेली शिवण बघितली आणि दोन मिनिटांत उभ्या-उभ्याच घालून दिली. मी नको म्हणाले नाही. ॲप्रन आज खुंटीवरच राहिला.

गुरुवार, १२ मार्च

एका लग्नाचा फोटो परत पाठवला. लॅबचा आहे, माहीत आहे, तरी पाण्यात घालायला हात धजावला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

सांगितलं.

मीच गेले असते त्यांच्या घरी, पण मिस्टर समोर असणार. म्हणून निरोप धाडून बोलावलं. बाई हसतच आल्या, हात पुसत. मी स्टुलावर बसवलं आणि सांगून टाकलं. थेंब, कड, पाणी, सगळं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. चूक माझी म्हणाले, एकटीची. त्या म्हणाल्या, दाखवा.

दाखवला.

कितीतरी वेळ बघत होत्या. बुटावर बोट ठेवलं. वहिनीने पाणी आणलं, ते घेतलं नाही. मग म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला. त्याने ऑफिसात छापून आणला होता."

मी म्हटलं, हो. सांगितलं होतं.

बस्स. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मी कागद पाकिटात घालून द्यायला लागले तर हात मागे घेतला. "राहू दे तुमच्याकडे." आणि गेल्या. मी त्यांना काय देऊ शकते? काही नाही. पैसे देऊन, पाया पडून, कशानेच तो पोरगा हसणार नाही आता. तो एकदाच हसला होता आणि ते मी धुऊन टाकलं.

सोमवार, १६ मार्च

बाई आल्या. दुपारी चारला. आत आल्या, स्टुलावर बसल्या. मी उठले, त्यांनी हातानेच बसा म्हटलं. दहा मिनिटं बसल्या, फ्रेमांकडे बघत. मग उठून गेल्या. काही मागितलं नाही, काही बोलल्या नाहीत.

मंगळवार, १७ मार्च

पुन्हा आल्या. तेच. चार वाजता, दहा मिनिटं.

गुरुवार, १९ मार्च

रोज येतात. वहिनी म्हणते, बसू द्या, कुठेतरी बसायला हवं माणसाला. मला नाही तसं वाटत. शिक्षा देताहेत मला. बरोबरच आहे. पट्टी कापत होते, माप चुकलं, दुसरी कापली, तीही चुकली. त्या बघत होत्या. मला वाटलं, बोला हो, काहीतरी बोला, थोबाडीत मारा, पण ही दहा मिनिटं नकोत. तोंडातून मात्र निघालं, चहा घेणार का? मान हलवली, नको.

वहिनीला म्हटलं, दुकान बंद करू या. ती म्हणाली, आणि घरी बसून काय करणार, माझ्यावर करवादणार? हसायला आलं नाही. खरंच म्हणत होते मी. लोक आपल्याकडे जपायला आणून देतात आणि मी अशी. कुणाचंही काही हातात घ्यायची लायकी नाही माझी.

शनिवार, २१ मार्च

आल्या. दहा मिनिटं. गेल्या.

सोमवार, २३ मार्च

आज बाई यायच्या आधी तीन वाजता त्यांचे मिस्टर आले. मी पूर्वी पाहिलेले नाहीत, त्यांनीच ओळख सांगितली. इस्त्रीचा शर्ट, धाप लागलेली, बायको बाहेर गेलेली बघून जिना उतरून आले होते. स्टुलावर बसले. म्हणाले, "ही रोज येऊन बघून जाते ना, घरी आली की मला सगळं सांगते. आज कपाळ सुटलं, आज डावा डोळा सुटला. परवा म्हणाली, नाकापर्यंत आलंय. मला राहवेना. बघू का जरा?"

मी म्हटलं, आत्ता नाही दाखवता येणार, ओला आहे, उजेड लागला तर खराब होईल.

"बरं बरं," म्हणाले. "घाई करू नका. सावकाश होऊ दे." आणि मला हात जोडले.

चारला बाई येतील. ओठ सोडवायला किती दिवस लावायचे, ते त्यांना आणि मला मिळून ठरवावं लागेल.