झाकण घट्ट लावा

११ नोव्हें.
कमलच्या पानावर फोटो आला. उशिराच, नेहमीसारखा. हरसूलच्या पुढचा तो पाडा, दहावीच्या पाच मुली, पाचींत मिळून एक फोन, तोही कमलच्या वडिलांचा. पाड्यावर रेंज नाही. ते आठवडी बाजाराला हरसूलला आले की माझ्या डिजिटल वहीतली नवी पानं फोनवर उतरतात, मुलींची उत्तरं माझ्याकडे येतात. मी इथे पंचवटीत उत्तर आल्याच्या हिरव्या खुणेची वाट बघत बसते.
श्वसनाचा प्रयोग. मोड आलेली मटकी काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट. कमलबाईसाहेबांनी हरभरे घेतले, झाकण सैल! रागावले. व्हॉइस पाठवला, "वहीत लिहिलंय तस्संच करायचं. आपली अक्कल पाजळायची नाही."

१७ नोव्हें.
नवं पान. कळीचा चुना + पाणी, उष्णता बाहेर पडते. चुना आहे त्यांच्याकडे, दिवाळीला भिंती रंगवून उरलेला. डोकं ठणकत होतं, आठवीचे पेपर तपासायचे पडलेत. मटकीचंच पान कॉपी केलं, शब्द बदलले. झटपट काम. स्वतःवर खूश.

१८ नोव्हें.
बाजार. पान उतरलं. कमलचा व्हॉइस, "बाई, चुना लय हाय आमच्याकडं. आता चूक नाय होनार." गुणाची पोर. उगाच एवढी रागावले.

२० नोव्हें.
मेथी निवडता निवडता पान सहज उघडलं. कृती, तिसरी ओळ : बाटलीचं झाकण घट्ट लावा.
मटकीची ओळ. राहून गेली.
चुन्यावर पाणी आणि वर झाकण. बाटली फुटेल. काचा, कढत चुना, आणि पाच जणी वाकून बघणार. त्यांचे डोळे
ओळ खोडली. लाल अक्षरांत लिहिलं, झाकण लावू नका. पण खोडली ती इथे. तिकडे फोनवर जुनंच पान. फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच.

२१ नोव्हें.
हे म्हणतात, "अगं, दहावीच्या मुली आहेत, त्यांना कळतं." कळतं हो. पण कळलेलं वापरायचं नाही, असा दम मीच दिला ना!
हरसूलच्या किराणावाल्याचा नंबर मिळवला. "पाड्यावर आता कोन जातंय मॅडम? कोनी दिसलं तर सांगतो." म्हटलं, चुन्याच्या बाटलीला झाकण लावू नका, एवढंच सांगा. हो हो म्हणाला. माझा काही विश्वास बसत नाही. उद्या पहिल्या एसटीने जाते.

२२ नोव्हें.
सीबीएस स्टँड. गाडी लागायचीये. आत्ताच टिंग वाजलं. कमलच्या पानावर हिरवी खूण. निरीक्षणाचा चौकोन रिकामा. खाली एकच ओळ, "बाई, वहीत लिवलं तसंच केलं."
कमलनेच लिहिलंय? की दुसऱ्या कुणी? फोटोही आहे, पण उघडत नाही, नुसतं चक्र फिरतंय.
आज बाजार नाही. बाजार नसताना पाड्यावरची माणसं हरसूलला येतात ती दवाखान्यात.
फोन लावला. आता रिंग जाते. कोणी उचलत नाही.