ओठावरचा फोड

प्रिय आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तुला तापात उठतो ना, तसा माझ्या ओठावर फोड उठलाय. त्याचा विषाणू माणसांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलाय, म्हणून आपल्याला नुसता चुरचुरतो. पण मी सांभाळते त्या मुठीएवढ्या अकरा माकडांचा तो जीवच घेतो.

साहेब म्हणाले, "मास्क लाव आणि पिंजऱ्यात जा, नाहीतर घरी जा."

"घरी जाते," म्हणत मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

तीन दिवस झाले, अजून बोलावणं नाही. कामावरची सोबतीण सांगते, अकराही माकडं मजेत उड्या मारताहेत.

नोकरी गेलीच तर बाबांना तू सांग. माफी मात्र मी मागणार नाही.

तुझी हट्टी लेक