उभं एकही तोडलं नाही

दि. १२ जून

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, अर्जच तो: एक प्रश्न आणि खाली सही. खताच्या कारखान्याला केल्प, म्हणजे ते झाडाएवढं उंच समुद्री शेवाळ हवंय, तर त्याचं पाण्याखालचं रान भावोजींनी कापावं का, असं विचारतेस. मुळीच नाही. उभं झाड एकही तोडू नका. त्याच्या आडोशाला मासे वाढतात, आणि तुमचे काटेगोळे, म्हणजे आमचे सी-अर्चिन, त्याच्याच जिवावर जगतात. तुटून तळाशी पडलेली पानं मात्र खुशाल न्या, अगदी झाडून न्या. तो नुसता केर आहे.

प्रयोगशाळेत माझं बरं चाललंय, दिवसभर मासे मोजतो. भावोजींना सांग, मेहुण्याचा सल्ला फुकट मिळाला म्हणून हलका समजू नये.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा धाकटा

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

तुझं तंतोतंत ऐकलं. हे तळावरून पान न पान गोळा करतात, बाकीच्या पाणबुड्यांनाही तीच शिस्त लावलीय. घरात स्वतःचा टॉवेल उचलत नाहीत, पण समुद्राचा तळ लख्ख. उभ्या झाडाला कुणी सुरा लावला तर ह्यांच्याशी गाठ आहे.

एक विचारायचं होतं. काटेगोळे पूर्वी कपारीत बसून असायचे, जागचे हलायचे नाहीत. आता झुंडीनं बाहेर पडलेत. बुंध्याशी जमतात आणि कुरतडतात. बुंधा सुटला की दुमजली घराएवढं झाड तरंगत निघून जातं, असं हे सांगतात. शेडमध्ये विकायचा गर काढायला गोळे फोडले की पोटात ताजा हिरवा देठ निघतो, तो पूर्वी कधी नसायचा. हे कशानं होत असेल? मी आपली टेबलावर सुरी चालवणारी, तुलाच कळेल.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, उत्तर तेवढं लवकर दे.
तुझी ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस सा. न.

उत्तराला उशीर झाला, अहवालाची घाई आहे. यंदा पाणी कोमट आहे, त्यानं असेल. एखादं वर्ष असं जातं. पानं उचलायचं चालू ठेवा. आधीच काट्यांत हात घालतेस, त्यात डोक्याला आणखी ताप करून घेऊ नकोस.

घाईतलं पत्र गोड मानून घे.
तुझा धाकटा

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. रान संपलं. सात वाव खोल पाण्यात नुसता खडक, आणि त्यावर चटई अंथरावी तसे काटेगोळे. खायला काही उरलं नाही तरी मरत नाहीत. फोडले तर आत पिवळा गर नाही, नुसतं पाणी. शेड बंद झाली.

म्हणून गर भरलेले गोळे शोधायला हे वीस वाव खोल उतरायला लागले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, मी काय नवशिका आहे का. सोमवारी मीही होडीवर होते; हवेचा पंप बंद पडला आणि ते एका दमात वर आले. होडीत चढले, माझ्याशी नीट बोलले, बूट मागितले, आणि उठायला गेले तर पाय उचलेनात. डॉक्टर म्हणतात, घाईनं वर आल्यामुळे रक्तात बुडबुडे धरले, मणक्याला इजा झाली. पाय परत येणार नाहीत.

मला रडू येत नाही. नुसता राग येतो, आणि कुणाचा ते कळत नाही.

तुझी ताई

दि. १८ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार लिहायला तोंड उरलेलं नाही, तरी तो पायांशी पोचावा.

रागाला माणूस हवा असेल तर मी आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई काटेगोळ्यांवर काम करतात. त्यांना तुझी पत्रं दाखवली. त्या म्हणाल्या, गोळे कपारीत बसून राहतात कारण जेवण घरपोच येतं. गळलेली पानं वाहत येतात, ती धरून खातात. ती यायची थांबली की उपाशी बाहेर पडतात आणि उभं झाड खातात. मग उघड्या खडकावर उपाशीच वर्षानुवर्षं तग धरतात, नवा कोंब आला की तोही खातात. ज्याला मी केर म्हणालो ते त्यांचं ताट होतं.

तू फेब्रुवारीत विचारलंस तेव्हा मला चार पावलं चालून त्या बाईंना विचारायचं होतं. मी उठलो नाही. आता रजा काढून येतो आणि भावोजींच्या पाया पडून सगळं सांगतो. ते देतील ती शिक्षा मान्य.

लोभ मागायचा हक्क नाही.
तुझा धाकटा

दि. २ डिसेंबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

येऊ नकोस.

सगळा दोष एकट्यानं घेऊन तुला मोकळं व्हायचंय, ते मी होऊ देणार नाही. मी वीस वर्षं काटेगोळे फोडले. ज्याच्या त्याच्या पोटात कुजक्या कडांच्या, गळलेल्या पानांचेच तुकडे असायचे. ते काय खातात हे मला तुझ्या बाईंच्या आधीपासून ठाऊक होतं. तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा मनात आलंसुद्धा, की हा केर कसा. पण तू शिकलेला. म्हटलं, आपल्याला काय कळतंय. समोर फोडलेला गोळा होता, आणि मी तुझ्या कागदावर विश्वास ठेवला. तुझा राग आहेच, स्वतःचा जास्त आहे.

ह्यांना वाचता येत नाही, तुझी पत्रं मीच मोठ्यानं वाचते. तुझं हे पत्रही त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं की धाकट्याला फार वाईट वाटलंय, पाणी कोमट झाल्यामुळे रान गेलं असं म्हणतो. अर्धं पत्र मी मनचंच वाचलं. ऐकून म्हणाले, मेहुणा हुशार आहे.

नंतर भेटायला आलेल्या पाणबुड्यांना नेहमीचं सांगत बसले, की लोक काहीही म्हणोत, आम्ही उभं एक झाड तोडलं नाही. पाय गेले, काम गेलं, रान गेलं. दिवसभर खाटेवर पडल्या पडल्या ह्यांच्याजवळ आता तेवढंच आहे. तू येऊन, पाया पडून, खरं सांगून तेही उचलून नेशील.

माझा लोभ आटलेला नाही, पण सध्या तोंड दाखवू नकोस. पत्रं लिहीत जा. मोठ्यानं वाचता येतील अशीच लिही.

तुझी ताई