मुंगीचं म्हणणं

दि. ४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता वाकतो हे वाचून जिवात जीव आला. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. काल दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची डावी काच मी उजवीकडे बसवली आणि वर त्यांनाच म्हटलं, नीट बघा म्हणून.

समोरच्या दारातली मुंगी तुम्हाला माहीत आहेच. आपल्या पोपटच्याच वर्गात, तिची जिवलग. बोलताना फार अडखळते हो पोर. शब्द ओठाशी येतो आणि तिथेच अडून बसतो. मग पोपट तिच्या वतीने बोलते. हजेरीला हजर म्हणते, पाणी हवंय सांगते, जिन्यात कुणी नाव विचारलं तर तेही सांगून मोकळी होते. मला तर लेकीच्या या गुणाचं कौतुकच होतं.

परवा मुंगीची आई आली. ती औषधांच्या दुकानात असते, आणि बोलणंही तसंच, पुडीत बांधून दिल्यासारखं. दारातच उभी राहून म्हणाली, की काही दिवस मुलींनी एकत्र खेळू नये. पोपटमुळे मुंगी तोंडच उघडेनाशी झाली आहे, तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंचंही तेच मत आहे, आणि शाळेत सांगून बाक वेगळे करून घेतले आहेत. शेवटी म्हणाली, गैरसमज नसावा.

गैरसमज कसला डोंबलाचा! वर्गातली पोरं मुंगीची नक्कल करत होती तेव्हा त्यांच्या अंगावर धावून कोण गेलं होतं? हिला तेव्हा नाही आठवले बाक! आमच्याकडे हे म्हणतात, सोडून दे. यांना काय, सगळंच सोडता येतं. पोपट घास हातात धरून मला विचारते, की आई, मी काय वाईट बोलले? आता तिला काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

आईला नमस्कार. माझ्या बाजूने रागवायला कुणीतरी हवं आहे, तेवढा लोभ करा.

तुमची
धाकटी

*

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती औषधवाली स्वतःला समजते कोण? सहा वर्षांच्या पोरीला आजाराच्या साथीसारखं लांब ठेवायचं? मी लगेच बॅग भरली. तुझ्या आईने ती तितक्याच लगेच रिकामी केली आणि म्हणाली, की आधी जिना चढून दाखवा, मग भांडायला जा.

मग नाइलाजाने बसून पत्र पुन्हा वाचलं. माझी सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. कोण काय बोललं ते टिपायची खोड अजून जात नाही. तुझ्या पत्रात औषधवाली बोलते, शिकवणाऱ्या बाई बोलतात, जावईबापू बोलतात, पोपट बोलते. तू तर बोलतेसच. मुंगी काय म्हणते? तिची एक ओळ नाही! एवढ्याशा पोरीवरून एवढा खटला चालला आणि तिचा जबाब घ्यावा असं एकालाही वाटू नये? आता मला तुम्हा सगळ्यांचाच संताप आला आहे. पोपटचासुद्धा आला आहे, पण तो थोडा, आणि तिला कळवू नकोस.

तिला विचार. आणि विचारलंस की गप्प बस. ते तुला जमणार नाही, असं तुझी आई शेजारून सांगते आहे.

पोपटला गोड पापा. रागावतो ते मायेपोटीच, हे वेगळं लिहायला नकोच.

तुझे
बाबा

*

दि. १७ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाक पुन्हा एकत्र झाले हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही परत बॅग काढाल.

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावरच धुमसत होते. लेकीची बाजू घ्यायची सोडून हे काय, असं वाटलं. पण ती मुंगीच्या ओळीची गोष्ट काही डोक्यातून जाईना. रविवारी पोपटचा हात धरला आणि समोरची बेल वाजवली. औषधवालीला म्हटलं, की आपण सगळे बोललो, मुंगीला कुणी विचारलं का? ती दारातून बाजूला झाली.

मुंगी टेबलाशी चित्र रंगवत होती. मी तिला विचारलं, की तुला पोपटबरोबर खेळायचं आहे का? आणि गप्प बसले. बाबा, काय कठीण असतं ते! पोर पहिल्याच अक्षराला अडकली. मला शब्द कळला होता, दोनदा जिभेवर आला, दोनदा गिळला. पोपटने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबले होते, लालबुंद झाली होती. औषधवालीने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

शेवटी मुंगी म्हणाली, की पोपट हवी. मी विजयी मुद्रेने औषधवालीकडे बघणार, तोच कळलं की मुंगीचं बोलून झालेलं नाही. ती म्हणाली, की मला केळं आवडत नाही. दोन वर्षं मी त्या पोरीला रोज संध्याकाळी केळं देते आहे, कारण पोपटने सांगितलं होतं की तिला फार आवडतं! मग एकेक बाहेर पडू लागलं. शाळेच्या नाटकात तिला सिंह व्हायचं होतं, पोपटने वर्गाच्या बाईंना झाड सांगितलं. आईलाही सोडलं नाही. चारचौघांत सावकाश बोल, सावकाश बोल करायचं नाही, आणि मला न विचारता बाक बदलायचा नाही.

पोपटच्या तोंडावरचे हात सुटले. मग मला सांगितलं का नाहीस, म्हणून ती ओरडलीच. मुंगी म्हणाली, तू बोलत होतीस.

त्यावरून जी जुंपली! दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार धाडकन आपटलं. मुंगीचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. अडखळत होता, तुटत होता, पण चांगला चढलेला होता. पोपटला रडू फुटलेलं बाहेर ऐकू येत होतं. मी सोडवायला उठले, तर औषधवालीने माझं मनगट पकडलं. डोळे भरून आले होते तिचे. माफीचा शब्द तेव्हाही नाही आणि आजतागायत नाही, आणि माझाही राग अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवा. ती एवढंच म्हणाली, की थांबा, तिचं पुरतं होऊ दे.

आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो. बराच वेळ.

आईला नमस्कार. तुमच्यावरचा राग उतरला आहे, तुमचा लोभ मात्र उतरू देऊ नका.

तुमची
धाकटी