अष्टमीच्या घरावरचं नाव

मिथुनराव,

शिफ्टवरून आलात की भात गरम करून घ्या. कालवण फ्रीजमध्ये आहे. मी हमरापूरला आईकडे चालले आहे. उद्या अकरा वाजता तिथूनच रोह्याला रजिस्टर ऑफिसात येईन.

सकाळी उद्यासाठी तुमचं पॅनकार्ड शोधताना खरेदीखताचा मसुदा हाती लागला. अष्टमी गावात आपण घेतोय त्या घरावरून माझं नाव काढून तुमच्या भावाचं घातलंत. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. नऊ वर्षं मी गणपती रंगवले ते याच घरासाठी, तेव्हा दिनेशभावजी कुठे होते?

तो कागद घेऊन मी घर विकणाऱ्या धोंडुबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "गो, घर तुम्हा नवराबायकोला द्यायचं ठरलं व्हतं. तुझं नाव नाय, तर माझा अंगठा नाय." माझ्यासमोर त्यांनी वकिलाला फोन लावला आणि मसुदा पुन्हा पहिल्यासारखा करून घेतला.

तुमचं पॅनकार्ड टीव्हीजवळ ठेवलंय. उद्या साक्षीदार लागतील. भावजींना जरूर आणा, त्यांची सही तेवढ्यापुरतीच लागणार आहे.

भाविका